मधल्या सुट्टीतला घोळका

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, नववीत. स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, बोलतो छान. लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ. मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्यात शिरून थेट ‘१५ डब्यांची फास्ट किती वाजता, सांगा!’ असं सुरू करतो. मुलं हसतात, नाहीतर पांगतात. ‘आधी नमस्कार कर, मी येऊ का विचार’ असं शिकवलं, तर आणखीच हसं झालं. – एक आई, डोंबिवली

उत्तर : हसं होणारच. नववीतली पोरं घोळक्यात शिरताना परवानगी मागत नाहीत. ती खरोखर काय करतात ते बघून तेवढंच शिकवायचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉगेसन यांनी किशोरवयीनांना मैत्री जोडायला शिकवण्यासाठी उभ्या केलेल्या ‘पीअर्स’ या कार्यक्रमाचा पायाही हाच आहे.

घोळक्यापासून दोन हातांवर थांबायचं. हातात पाण्याची बाटली असू द्या, नुसतं उभं राहणं अवघडल्यासारखं दिसतं. कान देऊन विषय ओळखायचा. त्यातलं काहीच ठाऊक नसेल तर तो घोळका सोडायचा. ठाऊक असेल, तर बोलणं जरा थांबलं की एक पाऊल पुढे आणि त्याच विषयावर एकच वाक्य. क्रिकेट चाललं असेल तर ‘शेवटची ओव्हर बघितलीस?’ एवढं पुरे. मग आणखी दोघं बोलेपर्यंत गप्प.

खरी अडचण यानंतर येते. कुणी ‘हो’ म्हटलं की मुलाला वाटतं, घेतलं आपल्याला. त्याला खांदे बघायला शिकवा. मुलांनी अंग वळवून जागा केली, तर थांबायचं. मान वळली पण खांदे मिटलेलेच राहिले, तर नजर बाजूला, मग पाठ, मग चालू पडायचं. ‘का नको?’ विचारायचं नाही. पोरांच्या लक्षात नेमका तोच प्रश्न राहतो. घोळक्यानं कधीकधी न घेणं सगळ्यांच्याच बाबतीत होतं, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

सराव आठवड्यातून तीनदा, १० मिनिटं, आणि शक्यतो मामेभावंडांबरोबर. आईसमोर तो शाळेतल्यासारखा वागणारच नाही. आधी तुम्ही मुद्दाम चुकीचं करून दाखवा आणि त्यालाच विचारा, ‘समोरच्याला कसं वाटलं असेल?’ दुसऱ्याची चूक पकडणं सोपं जातं.

लोकल बंद करू नका. शाळेत दुसरा एक रेल्वेवेडा सापडला, तर घोळक्याची निम्मी गरज संपेल.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, स्वमग्न. बोलताना डोळ्यांत बघ, असा थेरपीत आग्रह असतो. ती चिडते. – एक बाबा, नाशिक

उत्तर : आग्रह थांबवायला सांगा. अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात की नजर भिडवली की ऐकणं सुटतं. त्याऐवजी अंग समोरच्याकडे वळवणं आणि मधूनमधून ‘हं’ म्हणणं पुरतं. अनेक स्वमग्न मुली तर दिवसभर इतरांसारखं दिसण्याची कसरत करतात आणि घरी येऊन कोसळतात. शाळेतून आल्यावर अर्धा तास एकही प्रश्न नको, ‘डबा संपवलास का?’ हाही नको.

ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं स्वमग्न आणि इतर, अशा दोन्ही बाजूंनी असतं. तेव्हा तिची हरकत नसेल तर वर्गशिक्षिकांना सांगून दोन-तीन मैत्रिणींनाही कळू द्या, की ती खिडकीकडे बघत असली तरी ऐकते आहे.