नागरी अभ्यासाच्या बीएचे विषय मध्येच बदलले, तर काय करायचं?

दुसऱ्या वर्षाला जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळण्याचं तंत्र) सक्तीचं झालं, जुना विषय गेला, आता काय, असं तुम्ही विचारलंय. सहसा ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचीच रचना लागू राहते. बॅकलॉग असेल तर मात्र समकक्ष विषयांचा तक्ता, म्हणजे जुन्या विषयाऐवजी कोणता नवा विषय धरला जाईल ते, विभागाकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

जीआयएसला घाबरू नका. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि नगररचनेत पुढे नकाशा करता येणं लागतंच. पण निवड हातात असेल तर शहराचा इतिहास आणि गृहनिर्माण सोडू नका, हे कळकळीनं सांगते. सोलापुरात प्रकल्पाचे विषय दारातच आहेत. गिरण्या बंद पडल्यावर कामगारवस्त्यांचं काय झालं? उजनी धरणाचं पाणी एवढ्या लांबून आणूनही रोज नळाला का येत नाही? सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरं असंघटित कामगारांना मिळाली, त्यात विडी आणि यंत्रमाग कामगारही आहेत. तिथून कामाला, शाळेला, दवाखान्यात जायचं कसं? मी तर रे नगरच घ्या म्हणेन. घरं आणि बसमार्ग एकाच नकाशावर मांडा, जीआयएसचं सबमिशनही त्यातच होईल.