जपानच्या लाकडी कोकेशी बाहुलीची मान फिरवली की कुईकुई वाजते, आत नेमकं काय असतं? सावंतवाडीला तशी करून मिळेल का?

आत शिट्टी नाही, स्प्रिंग नाही, काहीच नाही. वाजतं ते लाकडावर घासणारं लाकूड.

आणि हा आवाज प्रत्येक कोकेशीत नसतो. ईशान्य जपानच्या तोहोकु भागात या बाहुल्यांची ११ घराणी मानतात (कुणी १२ मोजतं). वाजत्या मानेसाठी नाव आहे ते मियागी प्रांतातल्या नारुको या गरम झऱ्यांच्या गावाचं. त्सुगारू घराण्याची बाहुली डोक्यासकट एकाच ठोकळ्यातून कातलेली, तिची मान फिरतच नाही. नान्बू घराण्याच्या बाहुलीची मान इतकी सैल की नुसती लटलट हलते. तेव्हा तुमची बाहुली मुकी असेल तर ती नकली असं लगेच ठरवू नका.

आता नारुकोचा सांधा. डोकं आणि धड वेगवेगळं कातायचं. डोक्याखाली आखूड खुंटी ठेवायची, पण सरळ नाही: टोकाशी किंचित फुगीर, मानेजवळ बारीक. धडाच्या वर भोक, तेही तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. हाताने दाबून खुंटी आत जाता कामा नये. धड लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) फिरत ठेवून डोकं त्यावर जोराने दाबतात. घर्षणाने लाकूड तापतं, भोकाचं तोंड जरासं ढिलं पडतं आणि फुगीर टोक आत बसतं. निवलं की तोंड पुन्हा आवळतं. मग डोकं फिरतं, पण निघत नाही.

सगळी कसोटी इथेच. खुंटी केसभर जाड राहिली तर दाबताना धड खांद्यापाशी उभं चिरतं. केसभर बारीक झाली तर डोकं डुगडुगतं आणि आवाज गायब. लाकूड ओलं असेल तर आज गच्च बसलेला सांधा पुढे आक्रसतो, गोल भोक लंबगोल होतं आणि मान एकाच जागी अडकायला लागते. म्हणून वाळवण्यात घाई नाही. मिझुकी नावाचं पांढरं, बारीक पोताचं लाकूड जास्त वापरतात. झाड तोडायचं ते रस उतरल्यावर, शरद ते हिवाळ्यात. मग साल काढून सहा महिने ते वर्षभर उघड्यावर वाळवायचं.

रंगकाम त्यामानाने सरळ. आडव्या रेषा धड लेथवर फिरत असतानाच कुंचला टेकवून येतात. डोळे-नाक काळ्या शाईने, अंगावरची शेवंती लाल-हिरव्या पातळ रंगाने, सगळं हातानेच. पाण्यातला रंग असल्यामुळे पृष्ठभाग नीट घासलेला नसेल तर तो रेषेरेषेने फुटतो आणि डोळा पसरला की बाहुली गेली. शेवटी मेण.

सावंतवाडीबद्दल: लेथचा हात तिथे आहेच, अडचण लाकडाची येईल. तिथल्या खेळण्यांचा जुना पांगारा हलका नि मऊ. खुंटी दाबली की त्याचे तंतू चेपतात, आवळून धरत नाहीत. माझं मत विचाराल तर काळा कुडा घ्या, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी ज्याची होतात तोच. नाव काळा, पण लाकूड पांढरं, घट्ट, कातायला गुळगुळीत. पहिले चार-पाच तुकडे चिरतील हे धरूनच चला, आणि सांध्याचा प्रयोग आधी बिनरंगी तुकड्यांवर करा. कारागिराला एक गोष्ट बजावून सांगा: सांध्यात मेण, लाख, तेल काहीही जाऊ द्यायचं नाही. गुळगुळीत झालेली मान वाजत नाही.

बाहुली आधीच घरात असेल तर हेच तुम्हालाही लागू. पावसाळ्यात मान जड झाली तर ते लाकूड फुगल्यामुळे; जोर लावू नका, तेल तर मुळीच घालू नका, हवा कोरडी झाली की सुटेल. आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका, हे रंग लवकर उडतात.