वाचकांचे प्रश्न : नाताळचे घरगुती तारे

प्रश्न : नाताळच्या झाडासाठी आईने मीठ घातलेल्या मैद्याचे तारे केले होते. ते आता नरम पडले आहेत. वाचवता येतील का?

उत्तर : बहुधा येतील. मीठ हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून हे तारे ओव्हनच्या अगदी कमी तापमानावर, रंग बिघडत नाही ना हे पाहत, सावकाश सुकवावेत आणि पूर्ण थंड झाल्यावर सर्व बाजूंनी, विशेषतः दोऱ्याच्या भोकाच्या आत (तिथेच हात हमखास चुकतो), पारदर्शक व्हार्निश लावावे. नव्यांसाठी २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि साधारण १ वाटी पाणी पुरते. मात्र कुत्र्याला इतके मीठ घातक ठरते. घरात तो असल्यास तारे उंचावरच टांगावेत.