ऱ्हाइनच्या क्रूझआधी आल्प्समध्ये तीन रात्री : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक असून अमळनेरला राहतो. आमच्या मुलाने येत्या मे महिन्यात बासेल ते ॲमस्टरडॅम अशी ऱ्हाइन नदीवरील सात रात्रींची क्रूझ आमच्यासाठी ठरवली आहे. सखाराम महाराजांचा रथ झाला की निघायचे, असा बेत आहे. क्रूझआधी तीन रात्री हाताशी आहेत आणि त्या स्वित्झर्लंडच्या डोंगरांत घालवाव्यात, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. नातेवाइकांचा आग्रह आहे की एवढ्या लांब जाऊन युंगफ्राऊ आणि टिटलिस या दोन्ही जागा सोडू नका. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, माझे गुडघे दुखतात आणि आम्ही दोघेही शुद्ध शाकाहारी आहोत. तीन रात्रींत काय काय बसवावे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘बसवावे’ या शब्दापाशी मी थोडी थांबले. क्रूझच्या आधीचा मुक्काम प्रेक्षणीय स्थळांसाठी असतो, तसाच तो रात्रभराच्या विमानप्रवासानंतर शरीराला विसावा मिळावा आणि वाटेत काही चुकले तर सावरायला वेळ राहावा, यासाठीही असतो. आम्ही गेलो तेव्हा आमच्या दोन बॅगांपैकी एक विमानाबरोबर आलीच नाही; ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर पोहोचली. त्याच दिवशी जहाजावर चढायचे असते तर ती बॅग गावोगाव आमच्या मागे फिरत राहिली असती. म्हणून आपल्या मुलाने तीन रात्री राखून ठेवल्या, हे फार चांगले केले आहे. त्या तीन ठिकाणी वाटू नयेत, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तिन्ही रात्री ल्युसर्नला राहावे, असे मी सुचवेन. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे आणि झुरिक विमानतळाच्या खालीच असलेल्या स्थानकातून ल्युसर्नला जाणारी थेट गाडी साधारण सव्वा तासात पोहोचवते. ल्युसर्नहून बासेलही जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. युंगफ्राऊच्या पायथ्याशी असलेली वेंगेन आणि म्युरेन ही गावे अतिशय सुंदर आहेत, तेथे मोटारींना प्रवेश नाही आणि खिडकी उघडली की समोर बर्फाचे कडे दिसतात, हे सगळे खरे आहे. मात्र विमानतळावरून तेथे पोहोचायला सामानासह तीन-चार गाड्या बदलाव्या लागतात. रात्रीची झोप झालेली नसताना आणि गुडघे दुखत असताना ही दगदग मी आपल्याला सुचवणार नाही. ल्युसर्नला स्थानकातून बाहेर पडले की समोरच सरोवर आणि बोटींचा धक्का आहे आणि चौदाव्या शतकातला लाकडी पूलही तेथून पाच मिनिटांवर आहे. १९९३ च्या आगीत या पुलाचा मोठा भाग जळाला होता आणि तो पुन्हा उभारण्यात आला. त्या पुलाखालून वाहणारी रॉइस नदी पुढे आरे नदीला मिळते आणि आरे ऱ्हाइनला मिळते. त्या संगमापाशी आरेचे पाणी सरासरीने ऱ्हाइनपेक्षा जास्त असते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम पाहिलेल्या माणसाला हे ऐकून नक्कीच कुतूहल वाटेल. थोडक्यात, पहिल्या संध्याकाळी आपण जे पाणी पुलावरून पाहाल, ते बासेलवरून पुढे जाणाऱ्या ऱ्हाइनचेच पाणी असेल.

आता युंगफ्राऊविषयी. तेथील रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे दुपटीहून अधिक उंची झाली. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास काही जणांना जाणवू लागतो. डोके दुखते, दम लागतो, मळमळते. बहुतेक पर्यटक तासा-दोन तासांत सुखरूप खाली येतात, पण रक्तदाब असलेल्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेथे जाऊ नये. त्यातही विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तर मुळीच जाऊ नये. शिवाय ल्युसर्नहून जायला जवळजवळ चार तास आणि यायला तेवढेच लागतात. टिटलिस जवळ आहे, पण वरचे स्थानक ३,०२० मीटरवर असल्याने उंचीचा प्रश्न तेथेही उरतोच.

याउलट ल्युसर्नजवळच्या रिगी या डोंगराची उंची सुमारे १,८०० मीटर आहे आणि आकाश स्वच्छ असेल तर त्याच्या माथ्यावरून युंगफ्राऊ आणि तिच्या शेजारची आयगर, म्योंख ही शिखरे एका रांगेत दिसतात. युंगफ्राऊच्या अंगाखांद्यावर उभे राहून युंगफ्राऊ दिसत नाही, ती समोरूनच पाहावी लागते. सातपुड्याची रांगही चोपड्याच्या बाजूने जेवढी डोळ्यांत भरते, तेवढी ती रांगेत शिरल्यावर भरत नाही.

रिगीचा दिवस असा काढावा. सकाळी ल्युसर्नच्या धक्क्यावरून बोट घ्यावी. तासाभरात ती फिट्झनाऊ गावाला लावते आणि धक्क्यासमोरच दातेरी रुळांची गाडी उभी असते. चढताना डाव्या हाताला बसावे, म्हणजे सरोवर बराच वेळ दिसत राहते. अर्ध्या तासाच्या चढाईत आधी सफरचंदाची झाडे, मग सूचिपर्णी वृक्ष आणि मग नुसते गवत लागते. मे महिन्यात सावलीच्या घळीत बर्फाचे मळकट तुकडे शिल्लक असतात. मी गेले तेव्हा वरच्या स्थानकावर गाडी थांबली आणि दात्यांचा आवाज बंद झाला. त्यानंतर कुठून तरी खालून गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. पुष्कळ वेळ आम्ही कोणीच बोललो नाही. स्थानकापासून अगदी माथ्यापर्यंत थोडी चढाची वाट आहे. आपले गुडघे कुरकुरले तर स्थानकाजवळच्या बाकावर बसूनही सगळे दिसते. उतरताना काल्टबाड येथून वेगिसला जाणारी केबल कार घेता येते, म्हणजे परतीची बोट वेगिसहून मिळते आणि वाट बदलते.

हा दिवस आधीपासून ठरवून मात्र ठेवू नये. रिगीवर ढग बसला तर दहा पावलांपुढचे दिसत नाही. माथ्यावरच्या कॅमेऱ्यांचे चित्र मोबाइलवर थेट दिसते. सकाळी उठून ते पाहावे आणि मगच निघावे. दुसरा दिवस ढगाळ असेल तर गावात आणि सरोवरावर घालवावा आणि तिसरा दिवस डोंगरासाठी ठेवावा. पहाटे उठण्याची चिंता करू नये, कारण मे महिन्यात आपले घड्याळ तेथील घड्याळाच्या साडेतीन तास पुढे असते. आपली साडेपाचला उठण्याची सवय असेल तर पहिले एक-दोन दिवस तेथील दोन वाजताच जाग येईल आणि संध्याकाळी साडेसहालाच डोळे मिटू लागतील. तेथे त्या दिवसांत नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून पहिल्या संध्याकाळी झोपून न जाता सरोवराकाठी सावकाश फिरावे. रक्तदाबाच्या गोळीची वेळ कशी बदलायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि सगळी औषधे चिठ्ठीसह विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघालात तरी दुपारी जहाजावर सहज पोहोचाल. बासेलमध्ये क्रूझचे धक्के एकाहून अधिक आहेत, म्हणून आपल्या कागदांवर धक्क्याचे नाव काय आहे, ते नीट वाचावे आणि स्थानकाबाहेर टॅक्सीवाल्याला तेच दाखवावे. काही कारणाने जहाज चुकलेच तरी खचून जाऊ नये. समुद्रावर जहाज चुकले की ते गेले, पण नदीवरचे जहाज दुसऱ्या दिवशी जवळच्याच काठाला लागते. आपले जहाज स्ट्रासबर्गला थांबणार असेल तर बासेलहून रेल्वेने दीड तासाच्या आत तेथे जाता येते. क्रूझ कंपनीचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी वहीत उतरवून ठेवावा.

जेवणाचे आपण विचारलेत, त्यात एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ग्रुयेर, एमेंटाल यांसारखी पारंपरिक स्विस चीज तयार करताना दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. आपण कडक शाकाहारी असाल तर ती टाळावीत. ल्युसर्नला भारतीय उपाहारगृहे आहेत. इतर ठिकाणी ‘वेगेटारिश’ हा शब्द सांगावा आणि बटाट्याच्या रोस्टीत मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारून घ्यावे. क्रूझ कंपनीला नुसते शाकाहारी असे न कळवता अंडे, मासे आणि जिलेटिन चालत नाही, असे काही आठवडे आधी लेखी कळवावे. घरून शेव, खाकरा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्यावी. पेढे, तूप आणि दुधाचे कोणतेही पदार्थ नेण्यास मनाई आहे. ताज्या फळांनाही आरोग्य-प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मे महिना असला तरी आंबे घरीच ठेवावे लागतील. त्या नियमातून ज्या मोजक्या फळांना सूट आहे, त्यांत केळी आहे, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला मला विशेष आनंद होतो.

प्रश्न : आम्हीही याच मार्गाची क्रूझ घेत आहोत. आधी स्वित्झर्लंड, मग फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स असे चार देश होतात. व्हिसा नेमका कोणत्या देशाचा मागावा? (एक वाचक, धुळे)

उत्तर : हे चारही देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने व्हिसा एकच लागतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस जाणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो आणि दिवस सारखेच भरले तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होईल, त्या देशाकडे करायचा असतो. क्रूझच्या बाबतीत येथेच घोळ होतो. बासेल ते ॲमस्टरडॅम या प्रवासात सर्वाधिक थांबे बहुधा जर्मनीत असतात, त्यामुळे नुसती क्रूझ असेल तर जर्मनीचे दिवस जास्त भरतात. तिच्याआधी आल्प्समध्ये तीन रात्री जोडल्या की स्वित्झर्लंडचे दिवस जर्मनीच्या बरोबरीला येतात किंवा पुढेही जातात. म्हणून आधी मुक्काम पक्का करावा, क्रूझ कंपनीकडून दिवसागणिक थांब्यांचे पत्र घ्यावे, वहीत देशवार दिवस मोजावेत आणि मगच व्हिसा केंद्राची वेळ घ्यावी. वेळ घेऊन झाल्यावर एखादी रात्र वाढवली तर सगळा हिशेब बदलू शकतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीची गर्दी पाहता दोन-तीन महिने हाताशी ठेवणे योग्य. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध हवा.

प्रश्न : मी भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी. मुलीसोबत ल्युसर्नला दोन दिवस थांबून मग बासेलहून क्रूझ आहे. डोंगरावरच्या रेल्वेचा चढ किती असतो आणि तिकिटासाठी पास घ्यावा का?

उत्तर : आपण कसारा-इगतपुरीचा घाट आयुष्यभर पाहिला आहे. तेथे ३७ ला १ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर नेणारा चढ आहे आणि गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. रिगीच्या रेल्वेचा सर्वात तीव्र चढ ४ ला १ आहे. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याने दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखा दातेरी तिसरा रूळ बसवून १८७१ मध्ये ती सुरू केली. डोंगर चढणारी युरोपातील ती पहिली दातेरी रेल्वे होय. सरोवराच्या पलीकडच्या पिलाटुस डोंगरावर १८८९ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेचा चढ तर ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ २ ला १ आहे. इतक्या चढावर उभ्या दात्यांतून चाक वर निसटण्याची भीती असते, म्हणून एदुआर्द लोखर यांनी दाते आडवे केले आणि दोन्ही बाजूंनी चाके त्यांत अडकवली. ही गाडी बर्फाच्या महिन्यांत बंद असते. पावसाने डोंगर हुकलाच तर ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात जुनी इंजिने पाहण्यात आपला अख्खा दिवस जाईल.

पासाचा हिशेब असा आहे. स्विस ट्रॅव्हल पास सलग तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. त्यात विमानतळापासूनच्या गाड्या, सरोवरातल्या बोटी आणि रिगीची संपूर्ण चढाई येते. पिलाटुसवर मात्र निम्मी सवलत मिळते. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालते आणि त्यावर जवळजवळ सगळी तिकिटे अर्ध्या दरात मिळतात. आपण दुसऱ्या दिवशी रिगी करून तिसऱ्या दिवशी बासेलला जाणार असाल तर तीन दिवसांच्या पासात सगळे बसते. क्रूझआधी एकच मोठा डोंगर आणि दोन रेल्वेप्रवास एवढेच असतील तर दोन्हींची बेरीज कागदावर मांडून पाहावी. पिलाटुस पाहणाऱ्याला कार्ड बहुधा स्वस्त पडते. कोणताही पर्याय घेतला तरी डोंगराचे तिकीट वेगळे आरक्षित करू नये, ते लागणार असेल तर त्याच सकाळी आकाश पाहून फिट्झनाऊच्या खिडकीवर घ्यावे.