चांदीवरचे शिक्के कसे वाचावेत?

प्रश्न : वारशाने आलेल्या काही चमच्यांच्या दांड्यामागे ‘९२५’, तर काहींवर ‘८००’ असा आकडा आहे. सोबतच्या चहादाणीच्या तळाशी मात्र फक्त ‘ईपीएनएस’ ही अक्षरे आहेत. यांतील खरी चांदी कोणती?

उत्तर : दोन्ही प्रकारचे चमचे चांदीचे असावेत. हा आकडा हजार भागांचा हिशेब सांगतो. ‘९२५’मध्ये उरलेले ७५ भाग हीण असते, बहुधा तांब्याचे. शुद्ध चांदी मऊ असल्याने चमचा वाकू नये म्हणून ते मुद्दाम घातलेले असते, त्यामुळे हीण म्हणजे फसवणूक असे समजू नये. ‘८००’चा कस कमी, एवढाच फरक. जर्मनीत १८८८पासून या आकड्याशेजारी चंद्रकोर आणि मुकुट उमटवीत असत, ते भिंगातून शोधून पाहावेत. जुन्या रशियन वस्तूंवरचा ‘८४’ पाहूनही दचकू नये, कारण तिथे ९६ भाग म्हणजे निव्वळ चांदी धरत आणि त्या हिशेबाने ८४ म्हणजे हजारात ८७५ भाग होतात.

चहादाणी मात्र मुलाम्याची आहे. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवला, की ही अक्षरे उमटवतात. तिची मूठ आणि बुडाची कड नीट पाहा. थर झिजला असेल तर तिथे आतल्या धातूची पिवळट छटा दिसेल. तिला वारंवार पॉलिश करू नका, उरलेला थरही जाईल.

आकड्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व तो कोणी उमटवला याला आहे. कारागिराने स्वतः ठोकलेला ‘९२५’ हा केवळ त्याचा दावा असतो, तर हॉलमार्क स्वतंत्र तपासणीनंतर मिळतो. इंग्लंडमध्ये १५४४पासून चालता सिंह उमटवला जातो आणि त्याच्याजवळ तपासणी कुठे झाली याची खूण असते, जसे लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर. जुन्या वस्तूंवर वर्षाचे अक्षरही आढळते. हे शिक्के हाताने ठोकलेले असल्याने प्रत्येक चमच्यावर त्यांची जागा किंचित वेगळी पडते. सगळ्या चमच्यांवर ते तंतोतंत एकाच जागी आणि बोथट कडांचे असतील, तर अस्सल चमच्याचा साचा घेऊन नकला ओतल्याचा संशय घ्यावा.

शंका राहिलीच तर क्ष-किरण यंत्रावर तपासणी करून घ्यावी. हे यंत्र पृष्ठभागाचाच धातू वाचते आणि जाड मुलाम्यालाही चांदी ठरवू शकते, म्हणून झिजलेली कड किंवा जुना ओरखडा यंत्रासमोर धरायला सांगावे.