बाबांचं वजन वहीत लिहा

ताई, केमोच्या तारखांशेजारी बाबांचं वजनही लिहा, दर रविवारी, एकाच काट्यावर. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे ६० किलोचे ५७च्या खाली, तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची वाट बघू नका. उतारवयात कुपोषण असलं की उपचार झेपत नाहीत, जगण्याची शक्यताही घटते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- नुसती पेज आणि साबुदाण्याची खीर. पोट भरतं, प्रथिनं पुरेशी जात नाहीत. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅम तरी हवीत; किडनीचा त्रास असेल तर विचारून. अंडं, पनीर, मुगाचं धिरडं.
- गोड एकदम बंद. (सदाशिव पेठेतले निम्मे नातेवाईक हेच सांगतील.)
- तोंडात न बघणं. माझ्या आईची कवळी सैल झाली होती. पोळीचे तुकडे ताटाखाली सापडले तेव्हा कळलं.

प्रथिनांच्या पावडरींचं नंतर बघू.