स्वतःच्या आयुष्यावरची कादंबरी लेखकानेच दुसऱ्या भाषेत नेली, तर तिला अनुवाद म्हणायचं की नवी कादंबरी?

माझ्या मते नवी कादंबरी.

‘ऑटोफिक्शन’ हा शब्द सर्ज दुब्रॉव्स्की या फ्रेंच लेखकाने १९७७ साली आपल्याच कादंबरीसाठी काढला. गोष्ट सांगणाऱ्या ‘मी’चं नाव लेखकाचं, आयुष्य त्याचंच, पण रचायची मोकळीक घेतलेली. परका अनुवादक त्या ‘मी’ला हात लावू शकत नाही. लेखक लावू शकतो, आणि नवा वाचक समोर आला की त्याला तो लावावाच लागतो.

मी कर्नाटकातल्या खानापूरचा. घर मराठी, शाळा मराठी, कन्नडशी गट्टी जमली ती बेळगावात कॉलेजला आल्यावर. लहानपणावरची एक कथा मी आधी मराठीत लिहिली, नंतर कन्नडमध्ये. मराठीत बसस्टँडवर आजीचा पदर धरून उभा असलेला पोरगा आहे. कन्नड पाट्या वाचता येत नाहीत, त्यात कंडक्टर खेकसतो. आमच्याकडच्या मराठी वाचकाला तेवढं पुरतं, ती धास्ती त्याच्या ओळखीची असते. कन्नडमध्ये तेच उतरवलं तर कंडक्टर नुसता बागुलबुवा वाटू लागला. तिथल्या वाचकाचा तर तो काका नाहीतर शेजारी! मग मी त्याला डबा दिला, भाकरी आणि शेंगाचटणीचा, आणि सकाळपासून उभं राहून आलेला थकवा दिला. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. पण त्यामुळे पोरगाही बदलला. मराठीत तो घाबरलेला आहे, कन्नडमध्ये भुकेला, त्या डब्याकडे बघणारा. डबा मी मराठीत परत आणला नाही. दोन्ही पोरं मीच आहे.

रशियात वाढलेल्या आणि पुढे इंग्रजीत लिहिणाऱ्या व्लादिमीर नाबोकोव्हने मात्र दुसऱ्या भाषेत सापडलेलं पहिल्या भाषेत परत आणलं. त्याचं पुस्तक ऑटोफिक्शन नव्हे, सरळ आठवणींचं. १९५१ साली ते इंग्रजीत आलं, १९५४ साली त्याने स्वतः रशियनमध्ये केलं. बालपणाच्या भाषेत लिहिताना जे नव्याने आठवलं, ते १९६७ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत गेलं. आठवणसुद्धा भाषा बदलली की हलते, हे त्यात स्पष्ट दिसतं.

मराठीतलं उदाहरण हवं असेल तर विलास सारंग वाचा. ते इराकमध्ये बसऱ्याला शिकवत होते. ‘एन्कीच्या राज्यात’ ही त्यांची कादंबरी त्याच वास्तव्यातून आली आणि त्यांनी ती स्वतःच इंग्रजीतही नेली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि निवेदक कुणाला काय समजावून सांगतोय तेवढंच बघत जा.